पाच मिनिटांच्या मालिकेवरून दीड तासाचा चित्रपट: नेमकं बिघडतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘द मॅजिक राउंडअबाउट’ या जुन्या बालमालिकेवरचा २००५चा अ‍ॅनिमेशनपट एका आईने सहा वर्षांच्या मुलाबरोबर पाहिला. मुलगा शेवटपर्यंत बसला, तिला मात्र चित्रपट पोकळ वाटला. मग तिने मालिकेचे काही मूळ भाग शोधून पाहिले आणि ती आणखीच कोड्यात पडली. जवळजवळ काहीच न घडणाऱ्या पाच मिनिटांत जी मजा येते, ती एवढा पैसा आणि एवढं तंत्र लावूनही चित्रपटात का आली नाही? अशा मालिकांचा चित्रपट मुळात होऊच शकत नाही का? आणि मुलाला आता काय दाखवावं?

मी अ‍ॅनिमेशनच्या कथा विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. स्टोरीबोर्ड म्हणजे दृश्यांची कच्ची चित्रं काढणं, ती ओळीने लावून अ‍ॅनिमॅटिक म्हणजे चित्रपटाचा कच्चा आराखडा तयार करणं, न चालणारी दृश्यं फेकून पुन्हा बांधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देते. चित्रपट होऊ शकतो, आणि चांगले झालेलेही आहेत. पण छोट्या मालिकेचे काही न लिहिलेले नियम असतात आणि त्या नियमांवरच तिचं सगळं सुख उभं असतं. चित्रपट करताना त्यातला एक नियम मोडावा लागतो, नाहीतर दीड तास भरतच नाही. जे चित्रपट जमले, त्यांनी एकच नियम विचार करून मोडला आणि बाकीचे जिवापाड सांभाळले. २००५च्या चित्रपटाने जवळपास सगळे नियम एका फटक्यात मोडले.

आधी मालिकेबद्दल, कारण ती कशी घडली यातच निम्मं उत्तर आहे.

‘मॅजिक राउंडअबाउट’ मुळात फ्रेंच. सर्ज दानो यांनी ती बाहुल्या आणि स्टॉप-मोशन (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपण्याचं तंत्र) वापरून केली आणि ऑक्टोबर १९६४मध्ये ती फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. एक बाग, बागेत घोड्यांचं मेरी-गो-राउंड, ते चालवणारे म्हातारे मिस्टर रस्टी, फ्लॉरेन्स नावाची मुलगी, साखरेसाठी जीव टाकणारा कुरकुऱ्या कुत्रा डूगल, ब्रायन गोगलगाय, अर्मिंट्रूड गाय, सदा पेंगणारा डिलन ससा आणि पायांच्या जागी स्प्रिंग असलेला जादूगार झेबेडी. मागे फिकट मोकळी पार्श्वभूमी, चार सपाट झाडं, थोडी फुलं. एवढंच.

१९६५मध्ये बीबीसीने ही मालिका घेतली आणि एरिक टॉम्प्सन या अभिनेत्याकडे सोपवली. टॉम्प्सन यांनी फ्रेंच संहिता वापरलीच नाही. ते चित्रं बघत आणि त्या बाहुल्या काय बोलत असतील ते स्वतःच ठरवून लिहीत. पात्रांची नावं बदलली, स्वभाव बदलले, गोष्टीही बदलल्या. सगळी पात्रं त्यांच्या एकट्याच्या आवाजात बोलत. मालिका संध्याकाळच्या बातम्यांच्या अगदी आधी लागायची, त्यामुळे बातम्यांची वाट बघणारी मोठी माणसंही ती पाहायची. ऐन भरात तिचे प्रेक्षक ८० लाखांच्या घरात होते. १९७७पर्यंत ती चालली.

आमच्या धंद्यात साधारणपणे आवाज आधी आणि चित्र नंतर. नट संवाद रेकॉर्ड करतात, मग अ‍ॅनिमेटर त्या आवाजावर ओठ, भुवया, खांदे बसवतो. टॉम्प्सन यांच्या हातात चित्र तयार होतं आणि ते बदलता येत नव्हतं. वाटतं तेवढी ही अडचण नव्हती. मालिका निवेदनाची असल्याने ओठांशी शब्द जुळवण्याची सक्ती नव्हती. डूगलचं तर तोंडच केसांत बुडालेलं. बाहुली नुसती उभी असेल तर तिथे विनोद कोंबायचा की तिला विचार करू द्यायचा, हे लेखकाच्या हातात होतं. टॉम्प्सन यांनी तिला विचार करू दिला. डूगल थांबतो, इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि निवेदक त्याच्या मनातली किरकिर हळू आवाजात सांगतो. पाहणाऱ्याला वाटतं, कुत्रा खरंच वैतागलाय. प्रत्यक्षात बाहुलीच्या चेहऱ्यावर काहीही बदललेलं नसतं.

यातून मालिकेचे नियम तयार झाले. आवाज एकच, गोष्ट सांगणाऱ्याचा. जग लहान, सगळं बहुतेक बागेतच. कायमचा दुष्ट कुणी नाही, खटके उडतात ते स्वभावामुळे: एक भित्रा, एक हट्टी, एक आळशी. आणि शेवटी सगळं जिथल्या तिथे, झेबेडी येऊन झोपायची वेळ झाल्याचं सांगणार. लहान मुलासाठी हा शेवटचा नियम फार मोठा असतो. काहीही झालं तरी बाग उद्याही तशीच असणार, ही खात्री.

आता २००५चा चित्रपट. तो संगणकावर बनवलेला, ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून केलेला, तीन दिग्दर्शकांचा. सुरुवात वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. मिठाईच्या गाडीवर डोळा ठेवून डूगल एक खोडी करतो, ती हाताबाहेर जाते, मेरी-गो-राउंड मोडतं आणि त्यात कैद असलेला झीबॅड हा दुष्ट जादूगार सुटतो. साखरेच्या लोभातून संकट, म्हणजे पात्राच्या स्वभावातून गोष्ट. इथपर्यंत मालिकेचं रक्त दिसतं. पण मग झीबॅड जग गोठवायला निघतो, फ्लॉरेन्स गोठलेल्या मेरी-गो-राउंडमध्ये अडकते आणि बाकीची मंडळी तीन जादुई हिरे त्याच्या आधी शोधायला बाहेर पडतात. इथून पुढे गोष्ट डूगलची राहत नाही. हिरे कुणीही शोधू शकतं. डूगलच्या जागी दुसरा कुठलाही धांदरट नायक ठेवा, दृश्यं तशीच्या तशी चालतील.

कथा विभागात आम्ही ही परीक्षा सतत लावतो: या दृश्यातला नायक बदलला तर दृश्य मोडतं का? मोडत नसेल तर ते दृश्य या चित्रपटाचं नाही. दुसरी परीक्षा याहून सोपी. दोन दृश्यांच्या मध्ये ‘आणि मग’ येतं की ‘म्हणून’ येतं? पहिला हिरा, आणि मग दुसरा हिरा, आणि मग तिसरा. तीन वस्तू गोळा करण्याची रचना निर्मात्यांना आवडते, कारण तिच्यावर वेळापत्रक नीट बसतं. तीन ठिकाणं, तीन मोठे प्रसंग, तीन तुकड्या एकाच वेळी कामाला. पण प्रेक्षकाला त्यात पुढचं जाणून घेण्याची ओढ लागत नाही, कारण पुढे काय येणार ते आकड्यावरूनच कळलेलं असतं.

आवाजांचंही तसंच. डूगलसाठी गायक रॉबी विल्यम्स, फ्लॉरेन्ससाठी कायली मिनोग, झेबेडीसाठी इयन मॅकेलन, डिलनसाठी बिल नाय, ब्रायनसाठी जिम ब्रॉडबेंट, अर्मिंट्रूडसाठी जोअ‍ॅना लमली, झीबॅडसाठी टॉम बेकर. यात एकाहून एक मोठे कलावंत आहेत आणि काहींचं काम मला मनापासून आवडतं. पण जिथे एक माणूस सगळ्यांची बाजू सांगत होता, तिथे आता प्रत्येक जण आपापली बाजू मांडतो. गोष्ट सांगणाराच नाहीसा झाला. मालिकेचा ओलावा त्या सांगणाऱ्यात होता: तो डूगलला हसायचा आणि त्याची बाजूही घ्यायचा, एकाच वाक्यात.

पुढे काय झालं ते अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाने बघावं असं मला वाटतं. अमेरिकेत २००६मध्ये हाच चित्रपट ‘डूगल’ या नावाने आला. वाइनस्टाइन कंपनीने तो थोडा कापला, मॅकेलन आणि मिनोग सोडून बहुतेक आवाज बदलले, जूडी डेंच यांचं निवेदन जोडलं आणि संवादांत त्या वेळच्या चित्रपटांचे-जाहिरातींचे संदर्भ आणि पादण्याचे विनोद भरले. समीक्षकांनी त्याला झोडपलं, आणि अमेरिकेत त्याची कमाई ८० लाख डॉलरच्याही आत राहिली.

तयार चित्रावर नवी भाषा चढवणं हेच तर टॉम्प्सन यांनी केलं होतं. तीच क्रिया एकदा अभिजात ठरली आणि एकदा फसली, असं का? मला याचं उत्तर शांततेत दिसतं. टॉम्प्सन यांनी चित्रातली रिकामी जागा ऐकली आणि पात्र तिथे काय विचार करत असेल ते शोधलं. ‘डूगल’ करणाऱ्यांना रिकामी जागा म्हणजे धोका वाटला, मूल चुळबुळ करेल असं वाटलं. म्हणून त्यांनी ती बुजवली. शिवाय २००५च्या चित्रपटात ओठ आधीच्या संवादांवर बसवलेले होते. अशा चित्रावर नवे विनोद घालायचे तर बहुतेक वेळा पात्र पाठमोरं असताना, लांब असताना किंवा चौकटीबाहेर असतानाच घालता येतात. डबिंगच्या खोलीत बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. परिणाम असा होतो की विनोद पात्राच्या तोंडून येत नाही, कुठूनतरी हवेतून येतो. मुलाला याचं कारण सांगता येत नाही, पण पात्र आणि आवाज सुटे झालेले त्याला जाणवतात.

आता उलट उदाहरण, आणि ते याच मालिकेचं आहे. सर्ज दानो यांनी १९७०मध्ये याच बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. इंग्रजी रूप १९७२मध्ये आलं, ‘डूगल अँड द ब्लू कॅट’. शब्द आणि निवेदन पुन्हा टॉम्प्सन यांचंच.

गोष्ट अशी. बागेजवळच्या टेकडीवर एक जुना पडका कारखाना आहे. तिथून डूगलला एक आवाज ऐकू येतो. मग बागेत बक्स्टन नावाचा निळा मांजर येतो. तो गोड बोलतो आणि सगळ्यांना आवडतो. डूगलला संशय येतो, पण बाकीच्यांना वाटतं की हा जळतोय. आणि डूगल खरोखर जळतोयच! यातच या लेखनाची ताकद आहे. त्याचा संशय खरा आहे आणि त्याचा मत्सरही खरा आहे, त्यामुळे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि आपल्यालाही त्यांचा राग येत नाही. कारखान्यातल्या त्या निळ्या आवाजाला सगळं जग निळं करायचं आहे. बक्स्टन तिथला राजा होतो, बागेतले मित्र तळघरात कैद होतात, आणि डूगल स्वतःला निळं रंगवून आत शिरतो.

पुढे तो पकडला जातो, तेव्हा त्याला छळायला कुठे कोंडतात? साखरेने भरलेल्या खोलीत. मालिकेत वर्षानुवर्षं चाललेला एक साधा विनोद, डूगलची साखरेची हाव, इथे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड परीक्षा होते. ही खोली दुसऱ्या कुणासाठी छळाची नाही, फक्त याच कुत्र्यासाठी आहे. नायक बदला, दृश्य कोसळेल. एक संपूर्ण पटकथा वर्ग या एका प्रसंगावर घेता येईल.

आणि नियम कुठला मोडला? बाहेरचं कुणीतरी बागेत येऊन राहिलं. एवढाच. गोष्ट नंतर चंद्रापर्यंत जाते, हे खरं. पण ती त्याच एका पाहुण्यामुळे जाते, आणि तिथेही डूगलची कुरकुर अगदी बागेतल्यासारखीच चालू असते. सांगणारा तोच आहे. याहून बारीक गोष्ट म्हणजे चित्रपटात टॉम्प्सन यांच्याखेरीज दुसरा ठळक आवाज आहे तो कारखान्यातल्या त्या निळ्या आवाजाचा, म्हणजे अभिनेत्री फेनेला फील्डिंग यांचा. ज्या जगात सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतात, तिथे परका आवाज ऐकू आला की मुलाच्या अंगावर काटा येतो. त्यासाठी दुष्टाला अक्राळविक्राळ दाखवायची गरज पडत नाही.

‘शॉन द शीप’चा चित्रपट याच विचाराने बांधलेला आहे, म्हणून तोही घेते. शॉन मेंढा पहिल्यांदा १९९५च्या एका लघुपटात दिसला, २००७पासून त्याची मालिका सुरू झाली. जेमतेम सात मिनिटांचे भाग, संवाद अजिबात नाहीत. २०१५चा चित्रपट मार्क बर्टन आणि रिचर्ड स्टारझॅक यांनी केला आणि त्याला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं. निर्मात्यांनी इतका वेळ संवाद न वापरण्याचं धाडस टिकवलं, हेच मुळात कौतुकाचं. शेतकरी पुटपुटतो, कुत्रा गुरगुरतो, बस्स. सगळं डोळे, कान आणि थांबण्यावर चालतं.

या चित्रपटाची पहिली काही मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखी आहेत. आधी जुन्या घरगुती फिल्मसारखी दृश्यं येतात: शेतकरी तरुण आहे आणि शॉन कोकरू. मग आजचा दिनक्रम. कोंबडा आरवतो, गजर होतो, शेतकरी उठतो, मेंढ्यांना बाहेर काढतो. दुसरा दिवस तसाच. तिसराही तसाच. ज्याने मालिका कधीच पाहिली नाही त्यालाही या जगाचे नियम कळतात, आणि तेवढ्यात शॉनला कंटाळा येऊन एक दिवस सुट्टी हवीशी वाटते. बहुतेक रूपांतरं इथे गडबडतात. पालकांना मालिका माहीत असते म्हणून लेखक नियम सांगायचं विसरतात, पण थिएटरात बसलेल्या मुलाने ती पाहिलेलीच नसते. नियम माहीत नसेल तर तो मोडल्याची मजा कुठून येणार?

शॉन शेतकऱ्याला झोपवतो कसा? मेंढ्या एकामागून एक कुंपणावरून उड्या मारतात आणि तो मोजता मोजता झोपी जातो. त्याला ज्यात झोपवलेलं असतं तो कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घरंगळत शहरात पोचतो, त्याच्या डोक्याला मार लागतो आणि तो सगळं विसरतो, मेंढ्यांनासुद्धा. मोडलेला नियम हाच. मालिकेत शेतकऱ्याला मेंढ्यांचे उद्योग कळत नाहीत, पण तो त्यांचा आहे याबद्दल कधी शंकाच नसते. इथे तो त्यांना ओळखत नाही. कळपावर याहून मोठं संकट येऊ शकत नाही, आणि त्यासाठी जग गोठवावं लागलं नाही. पुढे लोकर कापणारे त्याचे हात शहरात केस कापायला लागतात आणि तो नावाजलेला केशरचनाकार होतो. आठवण गेली पण हाताची सवय राहिली. प्रत्येक गोष्ट त्या शेतातूनच आली आहे. प्राणी पकडणारा एक खाष्ट माणूस चित्रपटात आहे, पण त्याला काढून टाकलं तरी गोष्टीचं दुःख शिल्लक राहतं. खलनायकाचं ओझं तपासण्याची ही सोपी रीत आहे.

‘डोरेमॉन’ या जपानी मालिकेचं उदाहरण वेगळं आणि थोडं अवघड आहे, कारण मूळ कॉमिकही आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७५मध्ये नोबिता आणि डायनोसॉरची एक छोटी गोष्ट लिहिली होती. बढाईखोर मित्र सुनियोला उत्तर म्हणून मालिकेतला धांदरट मुलगा नोबिता डायनोसॉर शोधून दाखवण्याची शपथ घेतो, त्याला अंडं सापडतं, पिल्लू निघतं, तो ते लपवून वाढवतो आणि शेवटी त्याच्या काळात परत सोडून येतो. दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध मालिका एप्रिल १९७९मध्ये सुरू झाली आणि मार्च १९८०मध्ये पहिला मोठा चित्रपट आला, तो याच गोष्टीचा. लेखकाने छोटी गोष्ट फुगवली नाही. ती जिथे संपली तिथून पुढे नेली: पिल्लाला आपण चुकीच्या ठिकाणी सोडलं, आता परत जायला हवं. छोट्या गोष्टीचा शेवट म्हणजे मोठ्या गोष्टीची सुरुवात. मालिकेत नोबिता शेवटी तोंडावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेलं असतं. इथे त्याला केलेल्याची जबाबदारी घ्यावी लागते. आणि जियान, जो एरवी मारकुटा, तो मोठ्या संकटात मित्रासाठी उभा राहतो. स्वभाव बदललेला नाही, त्याच दांडगाईला वेगळी दिशा मिळाली आहे.

दिसण्याबद्दलही बोलायला हवं, कारण चित्रपट पोकळ वाटण्यात त्याचा वाटा मोठा असतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या मालिकांचं रूप पैशाच्या तुटवड्यातून घडलं. पार्श्वभूमी मोकळी, कारण सेटला पैसे नाहीत. डूगलला दिसणारे पाय नाहीत, तो जमिनीलगत सरकत जातो, आणि ते सरकणं हीच त्याची ओळख झाली. स्टॉप-मोशनमध्ये बाहुलीला प्रत्येक चौकटीत, म्हणजे फिल्मच्या प्रत्येक चित्रासाठी, हात लागतो, त्यामुळे तिचे केस सतत किंचित थरथरतात. ही खरं तर तंत्राची उणीव, पण त्यामुळे बाहुली श्वास घेतल्यासारखी दिसते. संगणकावर हे सगळं ‘सुधारतं’. प्रत्येक केस वेगळा, प्रत्येक गवताचं पातं वेगळं, उजेड अगदी खरा. आणि डोळ्याला कुठे थांबायचं तेच कळत नाही. मोकळ्या पार्श्वभूमीवर कुत्र्याने नुसती मान वळवली तरी ती घटना असते.

यावर उपाय आहे, आणि तो २०१५च्या ‘द पीनट्स मूव्ही’त पाहायला मिळतो. चार्ली ब्राउन हा मुलगा आणि त्याचा कुत्रा स्नूपी चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रपट्टीतले असले तरी जगाने त्यांना हलताना पाहिलं ते १९६५पासूनच्या दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमांत, बिल मेलेंडेझ यांच्या दिग्दर्शनात. चित्रपट ब्लू स्काय स्टुडिओने संगणकावर केला, दिग्दर्शक स्टीव्ह मार्टिनो. अडचण अशी की चार्ली ब्राउनचं डोकं खऱ्या गोलासारखं नाहीच. समोरून एक आकार, बाजूने दुसरा, आणि दोन्ही एका मॉडेलमध्ये बसत नाहीत. त्यांनी एकच ‘योग्य’ डोकं बनवण्याचा हट्ट सोडला. ठरावीक कोन ठेवले आणि पात्र एका कोनातून दुसऱ्या कोनात पटकन उडी मारतं, जुन्या चित्रांत मारायचं तसं. हालचाल सेकंदाला २४ चौकटींची गुळगुळीत न ठेवता एकेक पवित्रा दोन चौकटी धरून ठेवला. हालचालीतला धूसरपणा काढून टाकला. भुवया आणि तोंड पेनाच्या रेघेसारखे ठेवले. मोठ्या माणसांचं बोलणं ट्रॉम्बोन या वाद्याच्या आवाजातच राहिलं, आणि स्नूपी व त्याचा पक्षीमित्र वुडस्टॉक यांच्यासाठी मेलेंडेझ यांचे जुने रेकॉर्ड केलेले आवाज वापरले. संगणक जे फुकट देतो ते नाकारायला खूप मेहनत लागते. बाहेरून ती दिसत नाही, दिसतं फक्त ओळखीचं पात्र.

मधल्या पायरीवरचे चित्रपटही आहेत. ‘मिस्टर पीबॉडी अँड शर्मन’ हा २०१४चा चित्रपट १९५९मध्ये सुरू झालेल्या छोट्या भागांवरून आला. विद्वान कुत्रा एका मुलाला दत्तक घेतो, हा तिथे मुख्यतः विनोद होता. चित्रपटाने ते नातं गांभीर्याने घेतलं आणि बाप-लेकाची गोष्ट मिळवली. मला ही निवड योग्य वाटते, जरी ड्रीमवर्क्स या स्टुडिओला त्या चित्रपटापोटी ५.७ कोटी डॉलरचा तोटा लिहून टाकावा लागला तरी. खर्चाचा आणि कथेच्या दर्जाचा हिशेब वेगवेगळा असतो. त्याच वर्षीचा ‘पोस्टमन पॅट’चा चित्रपट मात्र हातातली चांगली गोष्ट सोडून देतो. मूळ बाहुली-मालिकेचा दिग्दर्शक आयव्हर वुड, जो पॅरिसमध्ये दानो यांच्याबरोबर ‘राउंडअबाउट’वर काम करत होता. चित्रपटात पॅट बायकोला इटलीला नेता यावं म्हणून गाण्याच्या स्पर्धेत उतरतो आणि गावात त्याच्या जागी यंत्रमानव टपाल वाटायला लागतात. आपला पोस्टमन अचानक असा तुसडा का वागतोय, हे गावाला कळत नाही. केवढी सुंदर कळ सापडली होती! गावाचा विश्वास हाच त्या मालिकेचा पाया. पण मग यंत्रमानवांचे डोळे चकाकायला लागतात, जग जिंकण्याचा कट येतो आणि चारपाच वर्षांची मुलं, ज्यांच्यासाठी पॅट आहे, ती घाबरतात.

कामाच्या जागी आम्ही हे कसं टाळायचा प्रयत्न करतो तेही सांगते, कारण प्रश्नात ‘होऊच शकत नाही का’ असं विचारलं आहे. अशी मालिका हाती आली की आधी तिने कधीच न दाखवलेल्या गोष्टींची यादी करतो. रात्र दाखवली का? कुणी आजारी पडलं? कुणी निघून गेलं? पात्रं एकटी असताना काय करतात? या यादीतल्या एका ओळीत बहुधा चित्रपट दडलेला असतो. यादीबाहेरून आणलेला हिरा, तलवार, भविष्यवाणी हे कितीही देखणं असलं तरी उपरं राहतं. मग अ‍ॅनिमॅटिक तयार झाली की ती एकदा पूर्ण मूक लावायची आणि एकाच माणसाने समोर बसून गोष्ट तोंडी सांगायची, जसं सुचेल तसं. टॉम्प्सन यांची रीत पूर्ण चित्रपटाला परवडत नाही, कारण संगणकावरचं एक दृश्य पुन्हा करणं फार महाग असतं. पण या टप्प्यावर ती फुकट आहे. सांगणारा जिथे अडखळतो तिथे दृश्य कच्चं असतं. तो जिथे गप्प बसतो आणि तरीही खोलीतली माणसं पडद्याकडे बघत राहतात, तिथे नंतर कुणालाही एक शब्दसुद्धा घालू द्यायचा नाही. निर्मात्यांशी सगळ्यात जास्त भांडणं याच जागांवरून होतात, आणि ती भांडण्यासारखीच असतात.

आता मुलाचं. सहाव्या वर्षी मी आधी मालिकेचे भाग दाखवीन, एका बैठकीला एक-दोनच. एकापाठोपाठ दहा लावले की त्यांचा संथपणा जड होतो, ते तशा पाहण्यासाठी केलेलेच नाहीत. मुलाला इंग्रजी समजत नसेल तर सोबत बसून स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगा. टॉम्प्सन यांनी फ्रेंचशी हेच केलं होतं, तुम्ही त्यांच्या इंग्रजीशी करा, डूगलला हवं ते बोलू द्या. मग ‘ब्लू कॅट’, पण दिवसा आणि जवळ बसून, कारण तो निळा आवाज आणि तळघर काही मुलांना भिववतात. ‘शॉन’चा चित्रपट केव्हाही चालेल, त्याला भाषेचा अडसर नाही. २००५चा चित्रपट त्याने पाहिलाच आहे आणि त्याला आवडला असेल तर तो हिरावून घेऊ नका, त्यातल्या पहिल्या पंधरा मिनिटांत खरा डूगल आहे. अमेरिकी ‘डूगल’ मुलासाठी वगळा. तुम्हाला स्वतःला या कामात रस असेल तर त्यातलं एखादं दृश्य ब्रिटिश रूपाशेजारी लावून पाहा आणि कोणत्या संवादाच्या वेळी बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही तेवढं टिपत जा.